नाटकाला मागे प्रोजेक्शन लावायचंय, दादर ते ठाणे सगळीकडे चालेल असं काय करू?

फ्रेमवाला_परळ

नमस्कार मंडळी. मी जाहिरातींसाठी मोशन ग्राफिक्स करतो, नाटकाचा अनुभव म्हणजे कॉलेजात एकांकिकांना बॅकस्टेज केलंय तेवढाच. आता मित्र दोन अंकी प्रायोगिक नाटक बसवतोय आणि व्हिज्युअल्स माझ्या गळ्यात पडलीत. नाटक आहे दीपगृहाच्या रखवालदाराचं आणि त्याच्या मुलीचं, कुलाब्याच्या टोकाला समुद्रात ते १८७५ चं प्रॉन्ग्ज दीपगृह आहे ना, तसलं काहीतरी डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. दिग्दर्शकाला मागे अख्ख्या सायक्लोरामावर (रंगमंचाच्या मागचा मोठा पडदा) समुद्र हवाय, म्हणजे शांत समुद्र, मग वादळ, रात्रीचा फिरणारा झोत, आणि दुसऱ्या अंकात मुलगी टेबलावर बसून पत्र लिहिते तेव्हा कॅमेऱ्यातून तिचा हात आणि कागद लाइव्ह मागे मोठा दिसला पाहिजे.

आमच्याकडे काय आहे तर एका मित्राच्या ऑफिसातला ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर, माझा लॅपटॉप, आणि भाड्यासाठी खिशात फार काही नाही. पहिला प्रयोग दादरला, मग ठाणे, मग जमलं तर पार्ले आणि प्रभादेवीचं मिनी थिएटर. मुख्य लोचा असा की पहिल्या प्रयोगाला आमच्या आधी दुपारचं दुसरं नाटक आहे, त्यांचा सेट निघाल्यावर आमच्या हातात जेमतेम दोन तास, त्यातच सेट, लाईट, साऊंड आणि माझं हे सगळं. तिकडच्या मॅनेजरला फोन केला तर म्हणाले या आणि लावा, काय लागतं ते बघा, म्हणजे मदत कमी आणि आशीर्वाद जास्त.

मी घरी भिंतीवर टेस्ट केली तेव्हा समुद्र एक नंबर दिसत होता. पण तालमीच्या हॉलमधे ट्यूबलाईट चालू असताना लावलं तर अगदीच पांढुरकं, नटांच्या अंगावर लाटा, डोक्याच्या सावल्या मागे. दिग्दर्शक म्हणतो प्रयोगात अंधार असेल तेव्हा दिसेल. खरंच दिसेल का? की एलईडी वॉलच घ्यावी, हल्ली बऱ्याच व्यावसायिक नाटकांत दिसते. अनुभवी लोकांनी सांगा, शिव्या घातल्या तरी चालतील.

काळी_झालर

शिव्या नाही घालत, आधी गणित घालतो.

तुझा सायक्लोरामा धर २४ फूट रुंद. ऑफिसच्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो साधारण दीडच्या आसपास असतो, म्हणजे चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या दीडपट अंतर लागतं. २४ गुणिले दीड म्हणजे ३६ फूट. पडद्यापासून ३६ फूट मोजत पुढे आलास तर तू प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या आसपास पोचलास, तिथे प्रोजेक्टर ठेवणार कुठे, काकूंच्या मांडीवर? बाल्कनीतून मारायचा तर लांब थ्रोची लेन्स लागते, ती ऑफिसच्या मशीनला बसत नाही, आणि मारलाच तरी झोत जवळजवळ सपाट येतो म्हणजे प्रत्येक नट मधे येणार. मागून मारायचा तर सायक्लोच्या मागे जागा किती असते ते तू बॅकस्टेज केलंयस त्यामुळे तुला माहितीये, इकडून तिकडे जायचं तर आडवं व्हावं लागतं.

दुसरं, उजेड. १६:१० मधे २४ फूट रुंद चित्र म्हणजे १५ फूट उंच, क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस मीटर. ५००० ल्युमेन भागिले ३३, हातात आले दीडशे लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड), तेही मशीन नवीन असेल आणि ५००० हा आकडा खरा असेल तर. आणि नटाच्या तोंडावर जो उजेड असतो तो शेकड्यांत, त्यातला काही जमिनीवरून उसळून तुझ्या समुद्रावर जाऊन बसणार. अंधार असेल तेव्हा दिसेल हे बरोबर आहे पण नाटकात नट दिसायला लागतात हो.

मग काय करायचं तर सायक्लो विसर. नेपथ्यवाल्याला सांग मागे एक १४ फूट रुंद फ्लॅट (सेटची उभी चौकट) उभा कर, खोलीची मागची भिंत म्हणून, त्यावर चित्र. १४ गुणिले दीड म्हणजे २१ फूट, म्हणजे प्रोजेक्टर स्टेजच्या पुढच्या बारवर (लाईट टांगायच्या आडव्या दांडीवर) टांगता येतो. आणि चित्र २४ चं १४ केलंस की तेवढाच उजेड लहान जागेत पडतो, दीडशेचे जवळपास साडेचारशे लक्स होतात, तिप्पट. भाडं शून्य.

सावलीचं पण बघून घे. प्रोजेक्टर १६ फूट उंचीवर, फ्लॅटपासून २१ फूट. साडेपाच फुटाचा नट फ्लॅटच्या सहा फूट पुढे उभा राहिला तर त्याच्या डोक्याची सावली फ्लॅटवर जमिनीपासून सव्वा फुटावर पडते. चित्राची खालची कड तीन फुटावर ठेव, सावली चित्रात येतच नाही. तोच नट तीन फुटावर गेला तर सावली पावणेचार फुटापर्यंत चढते, म्हणजे चित्रात नऊ इंच घुसली. म्हणून तालमीत फ्लॅटपासून पाच-सहा फुटावर जमिनीला टेप मार आणि नटांना सांग याच्या मागे जायचं ते फक्त जेव्हा सावली हवीय तेव्हाच. दिग्दर्शक कुरकुर करेल, करू दे, ब्लॉकिंग (नटांच्या जागा-हालचाली) अजून पक्कं झालं नसेल तर आत्ताच सांग.

प्रोजेक्टर उलटा टांग, म्हणजे चित्र लेन्सच्या रेषेखाली पडतं आणि मशीन फार वाकवावं लागत नाही. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र मशीनमधेच चौकोनी करायची सोय) जितका कमी वापरशील तितकं बरं, त्यात पिक्सेल पण जातात आणि उजेड पण. फ्लॅटला ऑइल पेंट अजिबात नको, मधे चकचकीत डाग दिसतो. फिकट राखाडी डिस्टेंपर मारा, पांढरा नको. पांढऱ्यावर आजूबाजूचा सगळा भटका उजेड दिसतो, राखाडीवर काळं जरा काळं वाटतं.

आणि हो, ऑनलाइन बारा हजारात वीस हजार ल्युमेन लिहिलेले डबे मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन लिहिलेलं असेल तोच आकडा धरायचा.

डिमर_नंबर_सात

वरच्यांचं गणित बरोबर आहे, पण मी प्रकाशयोजना करतो त्यामुळे मला हा धागा वाचून आधीच घाम फुटलाय. दर वेळी हेच. व्हिज्युअलवाला शेवटच्या आठवड्यात येतो, पेनड्राइव्हमधे भडक समुद्र घेऊन, आणि मग मला सांगतात तुमचे लाईट जरा कमी करा, प्रोजेक्शन दिसत नाहीये. मग नट अंधारात. मागच्या वर्षी एका निर्मात्याच्या नाटकात नायिकेच्या मरणाच्या प्रसंगाला पब्लिक मागच्या ढगांकडे बघत होतं.

फ्रेमवाला, तू आज संध्याकाळी तुमच्या लाईटवाल्याला फोन कर. आज म्हणजे आजच. त्याला सांग समोरून येणारा उजेड कमी ठेव, नटांना विंगेतून आडव्या लाईटनं उचल, मागून बॅकलाईट दे, म्हणजे चेहरा-अंग दिसतं आणि उजेड फ्लॅटवर न जाता समोरच्या विंगेत जाऊन मरतो. जमिनीवर काळी मॅट घाला. आपल्या थिएटरांमधे फळ्या घासून घासून पांढरट झाल्यात, त्यांच्यावरून फार उजेड उसळतो.

रंगाचं पण. साध्या हॅलोजनच्या पीसीचा (रंगमंचावरचा नेहमीचा लेन्सवाला लाईट) उजेड ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर. तुझा प्रोजेक्टर साडेसहा हजारच्या वर, निळसर. दोन्ही शेजारी ठेवले की नट हळद लावून आलेले आणि समुद्र ट्यूबलाईटखालचा. मी लाईटला निळी जेल (रंगीत पारदर्शक कागद) घातली तर माझाच उजेड जातो, म्हणून तू तुझं ग्रेडिंग उबदार कर. घरच्या मॉनिटरवर ते घाणेरडं पिवळट दिसेल तेव्हा समज जवळ आलास.

आणि आता खरं सांगतो, समुद्र दाखवूच नकोस. रखवालदाराची खोली आहे, तो रोज समुद्र बघतो, त्याला त्याचं काही नाही. समुद्र साऊंडवाल्याकडे दे. तुझ्याकडे झोत आहे ना? झोत हीच तुझी गोष्ट आहे. फक्त एक गोष्ट, तो झोत प्रोजेक्टरनं करू नकोस, मला दे, मी मूव्हिंग हेड (मोटरवर फिरणारा लाईट) लावतो. प्रोजेक्टरमधून पट्टी सरकली तरी सावल्या जागच्या जागी राहतात, त्या फिरत नाहीत, आणि प्रेक्षकाला ते खोटं वाटतं.

उगाच_शंका

डिमर साहेब, आदर ठेवून असहमत. सावल्या फिरायलाच नकोत. दीपगृहात दिवा एका जागी असतो, फिरतं ते लेन्स, म्हणजे झोताची दिशा फिरते पण उजेडाचा उगम हलत नाही. त्यामुळे खुर्चीवर झोत पडला तर खुर्चीची सावली एकाच जागी उमटते, थोडा वेळ दिसते आणि जाते. सावली भिंतीवरून धावते ती रस्त्यावरून गाडी जाते तेव्हा, कारण तिथे हेडलाईटच पुढे सरकत असतो. आणि तुमचा मूव्हिंग हेडसुद्धा एकाच जागी टांगलेला असतो, त्याचीही सावली सरकणार नाही.

उलट इथे तर दीपगृहातच खोली आहे, दिवा वर आणि खोली खाली. झोत क्षितिजाकडे जातो, तो रखवालदाराच्या टेबलावर पडेलच कशाला? पण ते सोडा, नाटक आहे.

डिमर_नंबर_सात

हम्म. सावलीचं बरोबर आहे तुमचं. आत्ता मोबाईलचा टॉर्च घेऊन जेवणाच्या टेबलावर करून बघितलं, बायको विचारतेय काय चाललंय.

पण मग तर प्रोजेक्टरच चांगला की राव. एकच उभी पांढरी पट्टी, कडा मऊ, दीडेक सेकंदात डावीकडून उजवीकडे. चित्र फ्लॅटपुरतं न ठेवता पूर्ण फ्रेम उघडी ठेवली तर पट्टी आधी विंगेजवळच्या फडताळावर, मग टेबलाच्या कडेवर, नटाच्या खांद्यावर, मग मागच्या भिंतीवर. प्रत्येक वस्तू वेगळ्या अंतरावर असल्यानं पट्टी तुटत तुटत जाते. माझे लाईट तेव्हा वीस टक्क्यांवर. जरासा हेझ (पातळ धूर) सोडला तर हवेत झोत पण दिसेल, पण हेझरला थिएटरवाले हो म्हणतात का ते आधी विचारा, आणि एसी कसा वाहतो त्यावर धूर कुठे जाईल ते ठरतं.

मला हे आवडलं. पट्टी मी करतो म्हणालो होतो ते मागे घेतो.

पी_तीन_पॉइंट_नऊ

एलईडी वॉलचं कोणी बोललं नाही म्हणून मी. माझं कामच ते आहे, लग्न-कॉर्पोरेट जास्त, नाटकं मधूनमधून.

वीस बाय दहा फुटाची वॉल म्हणजे अंदाजे सहा बाय तीन मीटर. अर्ध्या मीटरच्या चौकोनी कॅबिनेट ७२ लागतात. पी ३.९ मधे (दोन ठिपक्यांतलं अंतर, म्हणजे पिच, ३.९ मिलिमीटर) एका कॅबिनेटमधे १२८ बाय १२८ पिक्सेल, म्हणजे सगळी मिळून १५३६ बाय ७६८. एका कॅबिनेटचं वजन सात-आठ किलो धरा, बेरीज अर्ध्या टनाच्या पुढे गेली. हे थिएटरच्या दोरीच्या बारला कोणी टांगायला देणार नाही आणि मागायचं पण नाही, खालून स्टँडवर उभी करावी लागते, मागे आधार, वजन. दोन तासात माझी चार पोरं करतील पण तुमचा सेटवाला त्याच वेळी तिथेच फ्लॅट ठोकत असेल, मग भांडणं.

पिक्सेलचा साधा हिशोब, पिच जितके मिलिमीटर तितके मीटर तरी लांबून बघायचं. पी ३.९ म्हणजे चार मीटर. दादरच्या पहिल्या रांगेला चालून जाईल, पण मिनी थिएटरला पुढचे लोक ठिपके मोजतील.

आणि नाटकात सगळ्यात मोठा त्रास म्हणजे ती खूप उजळ असते. आम्ही दहा-पंधरा टक्क्यांवर आणतो तेव्हा कुठे नटाचं तोंड दिसतं, आणि इतकी खाली आणली की स्वस्तातल्या पॅनेलवर गडद भागात पट्टे दिसायला लागतात. तुझा रात्रीचा समुद्र म्हणजे सगळा गडदच. झकास फायदा एकच, काळं म्हणजे काळं. प्रोजेक्टरचा काळा हा करडा असतो.

धंदा सोडून सांगतोय, तुझ्या नाटकाला वॉल नको. बीकेसीच्या दोन हजार सीटच्या थिएटरात परदेशी म्युझिकल येतात ते बघून सगळ्यांना वॉल हवी असते, पण त्यांचा सेट आठवडे एका जागी उभा असतो, तुझा टेम्पो रात्री साडेबाराला ठाण्याला निघणार.

फ्रेमवाला_परळ

अरे बाप रे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांना थँक्यू. १४ फुटाचा फ्लॅट नेपथ्यवाल्या ताईंना सांगितला, त्या म्हणाल्या सायक्लोवर समुद्र ऐकल्यापासून मी झोपले नव्हते. लाईटवाल्या दादांना पण फोन केला, ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले व्हिज्युअलवाल्यानं आधी फोन केलेला मी पहिल्यांदा बघतोय.

दोन प्रश्न राहिले. एक, प्रोजेक्टरचा काळा करडा असतो म्हणालात, मग ब्लॅकआऊटमधे मागे करडा चौकोन दिसत राहणार का? आणि दोन, लाइव्ह कॅमेरा. दिग्दर्शक त्यावर अडून आहे.

क्यू_स्टँडबाय

मी चालवणारी आहे, बनवणारी नाही, म्हणजे व्हिज्युअलवाले पहिल्या प्रयोगाला फोटो काढून जातात आणि मग पुढचे सगळे प्रयोग माझ्यावर, त्यामुळे माझं थोडं ऐक.

करडा चौकोन दिसणार, शंभर टक्के दिसणार. काळी क्लिप लावून तो जात नाही. बऱ्याच ऑफिस मॉडेलला लेन्सवर सरकती झाकणी असते, पण तो बारवर सोळा फूट वर टांगलेला, सरकवायला कोण जाणार. रिमोटच्या म्यूट बटणानं आत खरंच शटर पडतं का ते बघ, स्वस्त मशीनला पडत नाही, फक्त काळं चित्र येतं. मग जुगाड म्हणजे लेन्ससमोर काळ्या पुठ्ठ्याची फडी, छोट्या सर्वो मोटरला, लॅमिंग्टन रोडला सगळं सुटं मिळतं, कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराला पकड, एका बटणावर वर-खाली करून देईल. पुठ्ठा लेन्सला चिकटून नको, तापतो, थोडं अंतर ठेवा. आणि फडी पडताना टक् आवाज येतो, कडेला फोम लावा, नाहीतर पूर्ण शांततेत प्रेक्षक वर बघतात.

लाइव्ह कॅमेरा. कॅमेरा, मग कॅप्चर कार्ड, मग लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, मग प्रोजेक्टर, प्रत्येक टप्प्यावर एक-दोन फ्रेम जातात. २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंद, पाच फ्रेम गेल्या की २०० झाले. माणूस बोलताना दाखवलास तर ओठ आणि आवाज वेगळे, लगेच कळतं. पण तुझ्याकडे फक्त हात आणि कागद आहे, तिथे चालतं, उलट हात आधी हलतो आणि अक्षर मागून येतं ते बरं पण दिसेल. फक्त पेन जाड घे, मार्कर. बॉलपेनचं काही दिसणार नाही. कागद पूर्ण पांढरा नको, पिवळट घे, पांढरा कागद कॅमेऱ्यात जळतो. आणि ती उजव्या हातानं लिहीत असेल तर कॅमेरा तिच्या डावीकडून वरून लाव, नाहीतर मनगटच दिसेल. वायरलेस अजिबात नको, थिएटरात सातशे मोबाईल असतात.

केबल. प्रोजेक्टर पुढच्या बारवर, तू कुठे बसणार? मागे लाईट बूथमधे बसलीस, सॉरी बसलास, तर अंतर सहज शंभर-सव्वाशे फूट होतं. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. एचडीएमआयचं एसडीआयमधे (लांब केबलवर टिकणारा व्हिडिओ सिग्नल) करणारे छोटे डबे भाड्यानं मिळतात किंवा कॅट सिक्सवरून (नेटवर्कची केबल) नेणारे, शंभर मीटरपर्यंत आरामात. किंवा सरळ विंगेत बस, मी विंगेत बसते, नट दिसतात, बॅकस्टेजच्या पोरांना खुणा करता येतात. तोटा एवढाच की चित्र तिरकं दिसतं, त्यामुळे पहिल्या प्रयोगाला कोणीतरी समोर बसून फोनवर सांगणारं ठेव.

फाईल. जाहिरातवाले सगळे एच २६४ मधे देतात कारण छोटी असते. त्यात बहुतेक फ्रेम दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून, म्हणून लूप जोडताना किंवा क्यू (ठरल्या क्षणी सोडायची क्लिप) पटकन बदलताना अडखळतं. हॅप कोडेकमधे रेंडर कर, उलगडायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, फाईल दांडगी होते म्हणून एसएसडीवर ठेव. क्लिपा चालवायला मॅक असेल तर क्यूलॅब, विंडोज असेल तर रेझोल्यूम, जे सॉफ्टवेअर येतं ते. क्लिपचा एकच लांब व्हिडिओ करून आणू नकोस! नट रोज वेगळा वेळ घेतो, एका प्रयोगात हशा येतो आणि दुसऱ्यात नाही. प्रत्येक क्यू वेगळा, शेवटी थांबून राहील असा किंवा न संपणारा लूप. तुझा झोत तर नक्कीच लूप नको, एका बटणाला एक फेरी, म्हणजे वाक्य संपलं की चालवणारा माणूस दाबेल. मुलगी बापाला काहीतरी भयंकर सांगते आणि तेवढ्यात झोत जातो, हे घड्याळावर नाही जमणार.

नोटिफिकेशन बंद, वायफाय बंद, स्क्रीनसेव्हर आणि स्लीप बंद, डेस्कटॉपचा वॉलपेपर काळा. हे सगळ्यांना माहिती असतं तरी एका स्पर्धेत ऐन क्लायमॅक्सला मागे कोणाच्या तरी बँकेचा ओटीपी आला होता. टाळ्या पडल्या.

अजून एक, पडद्यावर मराठी अक्षरं येणार असतील तर सॉफ्टवेअरमधे थेट टाईप करू नकोस, काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. चित्र करून टाक. आणि बारीक फॉन्ट नको, शिरोरेषा लांबून थरथरते.

कल्याणकर_जुने

तरुण मंडळींचं चालू द्या, मी फक्त एक भर टाकतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले, म्हणजे वॉटसन हॉटेलात १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला त्याच्याही आधी. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, ती कंदिलाच्या उजेडात पडद्यावर, सोबत निवेदन आणि संगीत. एकाहून जास्त कंदील वापरून चित्रं बदलत, हलवत असत. म्हणजे मागे चित्र आणि पुढे बोलणारा माणूस हे आपल्याकडे काल आलेलं नाही. युरोपात दिग्दर्शक पिस्काटरनं बर्लिनला रंगमंचावर फिल्म आणली ती १९२० च्या दशकात, आणि नेपथ्यकार स्वोबोदा वगैरेंचं लातेर्ना माजिका (फिल्म आणि जिवंत नट एकत्र आणणारा प्रयोग) ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात गाजलं ते १९५८ ला.

वरच्या ताईंनी एका बटणाला एक फेरी म्हटलं ना, खरोलिकेतही चित्र बोलणाऱ्याच्या तालावर बदलायचं, चित्राच्या तालावर बोलणारा नाही. माझ्या मते त्या लाइव्ह कॅमेऱ्याच्या वेळीही तेच बघा. पत्र पूर्ण वाचता आलं तर लोक वाचत बसतील आणि पोरीकडे कोणी बघणार नाही. दोन शब्द दिसले की पुरे.

काळी_झालर

काका, खरोलिकेचं मस्त. ती चित्रं बघायला मिळाली तर रंग बघा, काचेवर इतकी बारीक रंगवलीत की आमच्या फोर-केला लाज वाटावी.

फ्रेमवाला, दोन तासांचं वेळापत्रक लिहितो, चिकटव कुठेतरी. आत शिरल्या शिरल्या सेट यायच्या आधी बार खाली घे आणि प्रोजेक्टर बांध, कारण एकदा सेट उभा राहिला की तो बार खाली येत नाही. क्लॅम्पबरोबर सेफ्टीची साखळी हवीच, खाली माणसं उभी असतात. तोवर फ्लॅट उभा होतो. फ्लॅटच्या चार कोपऱ्यांना पेन्सिलच्या खुणा करून ठेवल्यास की चित्र बसवायला दहा मिनिटं. मग लाईटवाले फोकस करतील तेव्हा त्यांना अंधार लागतो आणि तुलाही, त्यांच्याशी भांडू नकोस, दोघं मिळून करा. थिएटर बदललं की बारची उंची आणि अंतर बदलणार, म्हणून कंटेंट फ्रेमच्या काठापर्यंत नेऊ नकोस, चहूबाजूंनी थोडं काळं सोड, सरकवायला जागा राहते.

दिग्दर्शकाचं वादळ राहिलं की. ते कसं करणारेस?

फ्रेमवाला_परळ

वादळ सुटलं. काल तालमीत समुद्राची क्लिप न लावता फक्त पट्टी लावून बघितली, डिमर साहेब म्हणाले तशी, आणि वादळाच्या प्रसंगात ती अनियमित केली, एकदा लवकर, मग बराच वेळ नाहीच, मग अर्ध्यात विझते. साऊंडला वारा. दिग्दर्शक गप्प बसून बघत होता, मग म्हणाला समुद्र राहू दे. दोन अंकांत मिळून आता एकूण चित्रं म्हणाल तर झोत, पत्र आणि शेवटी एक जुना फोटो, बस. ज्या समुद्राचं रेंडर दोन रात्री लावून ठेवलं होतं तो आता शोरीलमधे.

फडीची मोटर माटुंग्याचा एक पोरगा करतोय. तापण्याचं बघितलं, चार बोटं अंतर ठेवलंय.

एक शेवटचं, तालमीत लाईट वर-खाली केले की चित्रात आडव्या रेषा फिरतात आणि साऊंडमधे गूं येतो. केबल खराब आहे का?

डिमर_नंबर_सात

केबल नाही, आम्ही. डिमर (लाईट कमी-जास्त करणारी यंत्रं) चालू असले की विजेच्या लाईनमधे घाण सोडतात. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि साऊंड तिन्ही एकाच फेजवर घ्या, डिमरच्या फेजपासून वेगळ्या. थिएटरच्या वायरमनला गेल्या गेल्या विचारा साऊंडची लाईन कुठली, त्यांना पाठ असतं. स्वतःचं लांब एक्स्टेंशन न्या, अर्थिंगची पिन तोडलेली असते ती नको. आणि लॅपटॉपला चार्जर काढून बघा, गूं गेला तर चार्जरचा आहे. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर छोटा यूपीएस लावाच, लाईट गेली की दिवा गार होऊन पुन्हा पेटेपर्यंत तुमचा अख्खा प्रसंग जातो.

क्यू_स्टँडबाय

आणि पहिला प्रयोग कधी आहे ते लिहिलंच नाहीस. तारीख टाक, रविवार असेल तर येते. विंगेत बसायला कोणी नसेल तरी सांग.